मुकादमाची वही

बीड,
रविवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, मेडिसिन मिळत असताना पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधाचा आणि सामाजिक आरोग्याचा विषय, कशाला घेतलंस म्हणून. मीटिंगमध्ये होतो, हसून वेळ मारून नेली. आज निवांत आहे, सविस्तर लिहितो.

आपल्या बॅचला पीएसएमचं लेक्चर म्हणजे दुपारची हक्काची झोप. माझी ती झोप उडवली ती कुणा प्रोफेसरांनी नव्हे, बाँडवर, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत असताना भेटलेल्या एका एलएचव्हींनी (नर्सबाईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहायिका). आमचं आरोग्य केंद्र पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. त्यांना सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत. बाँडचा डॉक्टर म्हणजे वर्षभराचा पाहुणा, हे त्यांना पाठ होतं. तरी मला शिकवायचा त्यांनी कंटाळा केला नाही.

सुरुवात आईस पॅकपासून. फ्रीझरमधून काढलेला पॅक तसाच लसीच्या कॅरिअरमध्ये कोंबला तर डीपीटीची लस गोठते आणि वाया जाते. पॅक कानाशी धरून हलवायचा, आत पाणी खळखळलं की मगच भरायचा. परीक्षेत हे मीही लिहिलं होतं, कानाला लावून ऐकलं मात्र त्यांच्यामुळे. लसीकरणाच्या दिवशी किती टोचली हे त्या शेवटी बघायच्या. आधी ड्यू लिस्ट, म्हणजे त्या दिवशी लस द्यायच्या लेकरांची यादी, पुढ्यात ओढून विचारायच्या, “डॉक्टर, आज कोण आलं नाही?”

पण माझं खरं शिक्षण दसऱ्याच्या आधी झालं. तुला ठाऊक आहे, आमच्याकडची निम्मी गावं तेव्हा ऊसतोडीला निघायच्या तयारीत असतात. सर्वेक्षणाची वही घेऊन मी गावात शिरणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “ती राहू द्या, आधी मुकादमाकडे चला.” मुकादम म्हणजे तोडीसाठी मजूर गोळा करून नेणारा. त्याच्या ओट्यावर बसून चहा झाला आणि त्यांनी त्याची वही वाचून घेतली. कोणत्या कोयत्याला (म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला) किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम दिली, कोण कुठल्या कारखान्यावर, ट्रक कधी येणार, सगळं त्यात होतं. जोडप्याबरोबर लेकरं कोण, म्हाताऱ्यापाशी मागे कोण राहणार, कोण पोटुशी आहे, हे मुकादमाने तोंडी सांगितलं. आमच्या नोंदींपेक्षा त्याची माहिती पक्की. कारण उघड आहे. आपला आकडा चुकला तर कुणाच्या खिशाला झळ लागत नाही, त्याचा चुकला तर पैसे बुडतात.

मग त्या हिशोबाला बसल्या. दसऱ्याला सहा महिन्यांचं असलेलं बाळ नवव्या महिन्यात उसाच्या फडावर असणार, म्हणजे गोवराची लस तिथे यायची. कार्डावर मोठ्या अक्षरात तारीख लिहायची, कारखान्याचं नाव घालायचं आणि तिकडच्या सिस्टरला स्वतः फोन करायचा. “ही आमच्या कार्यक्षेत्रातली नाहीत” असं उत्तर आलं तर पुन्हा फोन. यासाठी कुठलंही परिपत्रक आलं नव्हतं. आमचं टक्केवारीचं काम त्याने वाढायचंही नाही, उलट तिकडचं वाढायचं!

27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा आमच्याकडे पेढे आले होते. सिस्टरांनी पेढा खाल्ला (शुगर असताना) आणि पोलिओ डोसाच्या पुढच्या फेरीच्या टीमची यादी काढली. घरावर खडूने पी लिहिलं की काम झालं, एक्स लिहिलं की पुन्हा जायचं. पी ची घरं त्या आम्हाला बघू देत; एक्सची स्वतः फिरत.

हे सगळं त्या कुठून शिकल्या, असं एकदा विचारलं. तरुणपणी जामखेडला जाऊन आल्या होत्या म्हणे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथे गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्या बायका बिनधास्त बोलताना बघून सिस्टरांच्या डोक्यातली डिग्रीची भीती गेली असावी. आमच्या आशाताई बोलायला लागल्या की त्या मला खुणेने गप्प बसवायच्या, एवढं मी बघितलंय.

देवी वगैरे नव्हत्या हं. रागीट होत्या, वही नीट नसली की चारचौघांत पाणउतारा करायच्या, आणि त्यामुळे एक-दोन चांगल्या सेविका दुसऱ्या केंद्रात निघून गेल्या. मला ते तेव्हाही पटलं नाही. पण बाँड संपला तेव्हा पीजीच्या फॉर्मवर काय लिहायचं हे माझ्यापुरतं ठरलं होतं. आईला धक्का बसला, बाबा महिनाभर बोलले नाहीत. आता जिल्ह्याच्या कामात असताना कुणी लसीकरण शंभराच्या वर टक्के दाखवलं की मी फक्त एवढंच विचारतो की फडावर गेलेली लेकरं यात कुठे धरली आहेत. मीटिंग लांबते, लोक वैतागतात.

सिस्टर निवृत्त होऊन गावी असतात. आभार मानायला गेलो की विषय बदलतात, म्हणून मी ते तुझ्यापाशी मानतोय. बीपीच्या गोळ्या मात्र मनाला येईल तशा घेतात, माझं ऐकत नाहीत. तू हार्टवाला, तुझं ऐकतील. दिवाळीत दोन दिवस काढून ये, येताना पोर्टेबल ईसीजी आण. पुण्याहून सकाळी निघालास तर दुपारी त्यांच्याकडे जेवायला पोचू. भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी असेल, आणि तुझ्या ओपीडीत फॉलो-अपला कोण आलं नाही हे त्या विचारणारच. नावं काढून ठेव.

वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा. तारीख लवकर कळव, म्हणजे मी रजा टाकतो.

तुझाच,
डॉक्टर (पीएसएमवाला)