साकुरा नको, छाटणी सुधारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : जपानी बाग, मग साकुरा कुठे? साकुरा म्हणजे जपानी चेरी. तिच्या कळ्या उमलायला आधी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी पडावी लागते. पुण्यात डिसेंबरची रात्र १०-१२ अंशांवर उतरली तरी दुपारी पारा २८ च्या पुढे जातो. रोप कदाचित जगेल, पण जपानसारखा बहर धरणार नाही. अझालिया या फुलझुडपाचीही तीच गत. तिला साडेपाचच्या आसपास सामू (pH) असलेली, म्हणजे आम्लधर्मी माती हवी. आपली चुनखडीची काळी माती आठच्या घरात. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की झाडाला लोह मिळत नाही हे ओळखावे. वाफ्यात वेगळी माती भरली तरी जड (क्षारयुक्त) पाण्याने सामू पुन्हा चढतो.

हे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले आहे. दाइम्यो (तिथला सरंजामी सरदार) इकेदा त्सुनामासाच्या हुकमावरून त्सुदा नागातादाने १६८७ मध्ये त्या बागेचे काम सुरू केले, ते १७०० मध्ये पुरे झाले. ती १८८४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत तिची फार हानी झाली, पण जुनी चित्रे आणि आराखडे शिल्लक होते म्हणून ती पुन्हा उभी करता आली. तिथे चेरी, मेपल, कमळ आहेतच, शिवाय भातखाचर आणि चहाचा मळाही आहे. तरी नजरेत भरते ती विस्तीर्ण हिरवळ, वळत जाणारे पाणी आणि पलीकडचा किल्ला. झाडांनी ही नजर अडवायची नाही, म्हणून तिथे छाटणीला एवढे महत्त्व.

आपल्याकडे कामिनी, करवंद यांना जपानी बागेसारखे गोल, बुटके आकार छान देता येतात. मात्र नुसती हेजची कात्री फिरवत राहिले, की वर पानांचे दाट कवच तयार होते, आत ऊन पोचत नाही आणि आतल्या फांद्या वाळतात. मग कधीतरी खोल छाटणी केली, की झाड उघडेबोडके दिसते. हे टाळण्यासाठी पावसाळा सरल्यावर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा सिकेटरने (फांद्या कापायच्या हातकात्रीने) विरळणी करावी. एकमेकींवर घासणाऱ्या, सरळ वर धावणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात, खुंट ठेवू नये. एका वेळी पाव भागाहून जास्त पाला काढू नये. एप्रिल-मेमध्ये तर हात लावूच नये, उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाला वेगळा नियम : पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापले तर तिथे पुन्हा फूट येत नाही. सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाची फक्त पिवळी पाने काढावीत आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.

या कामाला वेळ लागतो. ते चौरस मीटरवर मोजून दिले, तर माळी हेजची कात्रीच उचलणार. झाडागणिक वेळ धरून त्याची आखणी व्हावी.

आपला,
एक उद्यान-अभ्यासक, पुणे