बाबा, पोळी सोडू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर मला जमणार नाही. बाबा दोन मिनिटांत "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आईचा आवाज जड झाला की मी मुद्द्याचं सगळं विसरते. म्हणून लिहायला बसले. बाबा, रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा.

जे करून बसले आहे ते आधी सांगून टाकते. काल मी तुमच्या डॉक्टरांना फोन केला, तुम्हाला न विचारता. गेले पाच आठवडे तुम्ही गहू पूर्ण बंद केलाय, रात्री नुसतं सूप आणि काकडी खाऊन झोपताय, मधुमेहाच्या गोळ्या मात्र पूर्वीच्याच चालू आहेत, आणि त्या रात्री मशीनवर साखरेचा ५४ आकडा आला होता, हे सगळं सांगितलं. गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे. मी बुधवारी रात्री पोचते. रजा मंजूर झाली, तिकीट काढून झालं, त्यामुळे "कशाला उगाच धावपळ" हे आता म्हणू नका.

पाठीमागे केलं हे मला मान्य आहे. दोन दिवस नंबर काढून फोन परत खाली ठेवत होते. आपलं दुखणं चारचौघांत गेलेलं तुम्हाला आवडत नाही, हे मला कळत नाही का? पण आईने मला त्या रात्रीबद्दल चार दिवसांनी सांगितलं, तेही "चिडू नकोस हं" अशी सुरुवात करून. पहाटे तीनला तुम्ही घामाने डबडबला होता, हात थरथरत होते, आणि तिला तुम्ही दादाच्या नावाने हाक मारलीत. अंधारात साखरेचा डबा शोधताना तिच्या हातून झाकण पडलं आणि ते गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं, असं ती सांगत होती. बाकी काही नाही, फक्त ते झाकण. त्यानंतर मला गप्प बसवेना.

आणि या सगळ्याच्या मुळाशी मी आहे. गव्हाने मधुमेह होतो, गहू विष आहे, असं सांगणारा तो व्हिडिओ मीच पाठवला होता ना! ऑफिसला जाता जाता, अर्धवट बघून, खाली "बाबा, बघा हे!" असं लिहून. आजवर माझं एक ऐकलं नाहीत, लग्नाच्या वेळचं तर सोडूनच द्या, आणि ऐकलंत ते नेमकं हे.

तर आता जे आधी करायला हवं होतं ते केलंय. बसून वाचलंय, डॉक्टरांना छळलंय. गव्हापेक्षा आधी गोळीचं सांगते, कारण घोळ तिथे आहे. तुम्ही सकाळ-संध्याकाळ जी ग्लिमेपिराइड घेता, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. समोर दोन पोळ्या आहेत असं धरून तिचा डोस ठरलेला होता. पोळ्या गेल्या, गोळी राहिली, आणि इन्शुलिनला उचलायला साखरच उरली नाही. नुसतं मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची ती दुसरी नेहमीची गोळी, असतं तर सहसा एवढं झालं नसतं. म्हणजे पथ्य वाईट होतं असं नाही बाबा, पण पथ्य आणि औषध एकत्र बदलायची असतात. गुरुवारपर्यंत गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनी कालच सांगितलंय आणि मी आईला लिहून घ्यायला लावलंय. त्यात काना-मात्रेचाही बदल करायचा नाही.

आता गहू. व्हिडिओतला माणूस म्हणतो तसं तो विषारी वगैरे अजिबात नाही. अमेरिकेत नर्स आणि इतर आरोग्य कर्मचारी असलेल्या सुमारे १ लाख ९५ हजार लोकांच्या आहाराच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. त्यावरचा अभ्यास २०२० मध्ये आला. अख्खी धान्यं सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचं, म्हणजे तुम्हाला आहे त्याचंच, प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी निघालं. आता अशी माणसं चालतातही जास्त आणि सिगारेटही कमी ओढतात, त्यामुळे सगळं श्रेय कोंड्याला देता येत नाही. अभ्यासकांनी तो हिशेब धरला तरी अशा अभ्यासाला ही मर्यादा राहतेच. पण गव्हाने मधुमेह होतो म्हणणाऱ्याने निदान या आकड्यासमोर उभं राहून बोलावं की नाही?

खरा फरक गव्हाचं आपण काय करतो त्यात आहे. दाण्याचा साधारण १४ टक्के भाग कोंडा असतो, अडीच-तीन टक्के अंकुर, आणि उरलेला जवळजवळ सगळा पिठूळ गर. मैद्यात फक्त तो गर राहतो. शंभर ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात अकरा-बारा ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात जेमतेम तीन. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स मांडला. कुठल्या पदार्थाने रक्तातली साखर किती झरझर चढते त्याचं ते माप आहे, शुद्ध ग्लुकोज म्हणजे १००. त्यात पांढरा पाव ७५ च्या आसपास येतो, आणि अख्ख्या गव्हाचा पाव? ७४! कारण पीठ इतकं बारीक दळलेलं आणि पाव इतका फुगलेला असतो की पोटातल्या पाचकरसांना काही कामच उरत नाही. तोच गहू घट्ट मळून वाळवलेल्या स्पॅगेटीत पन्नासच्या आत-बाहेर येतो, भरडून शिजवला तरी तसाच. पोळीचा आकडा पिठागणिक बदलतो, पण बारीक चाळलेली कणीक आणि जाड दळलेली कणीक एक नव्हे हे नक्की. तेव्हा आई, चाळणी आता कपाटाच्या वरच्या फळीवर. कोंडा फेकायचा नाही. आणि तो "ब्राउन" पाव रंगाला भुलून आणू नका, रंग बाहेरूनही घालता येतो.

बाबा, तुम्ही म्हणाल, "मग माझं वजन चार किलो उतरलं ते?" उतरलं, आणि ते सर्वस्वी तुमचं यश आहे, ते मी कोणालाही हिसकावू देणार नाही. पण गव्हाबरोबर काय काय गेलं बघा. चारच्या चहाबरोबरची पाच बिस्किटं गेली (आई तीन सांगते, मी मोजलेली आहेत), टोस्ट गेले, रात्री टीव्हीसमोरचा केक गेला. साखर, मैदा आणि तूप-तेल एकदम बाहेर पडलं आणि नाव झालं गव्हाचं. ब्रिटनमध्ये सुमारे तीनशे लोकांवर केलेल्या एका प्रयोगात, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, नुसतं वजन उतरवून जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला. गहू तिथे मुद्दाच नव्हता. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी हा मुद्दा होता. पण त्या लोकांना निदान होऊन सहा वर्षंही झाली नव्हती, तुमची चौदा झाली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खाणं कमी करायच्या दिवशीच डॉक्टरांनी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. तुमच्या बाबतीत हे सांगायला कोणी नव्हतं. मी होते, आणि मी व्हिडिओ पाठवून मोकळी झाले.

शिवाय तुम्ही आणलेली ती "ग्लुटेन-फ्री", म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसलेली, बिस्किटं. पुडा उलटा करून वाचलात का? तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, साखर. ती गव्हाच्या बिस्किटांपेक्षाही लवकर साखर चढवू शकतात. ती कोणालाही देऊन टाका, नाहीतर मी आले की खाईन.

आई, तुझं पोट फुगतं म्हणून तूही गहू सोडायच्या विचारात आहेस असं कळलं. तू थांब. सीलिअॅक नावाचा, ग्लुटेन आतड्याला न सोसण्याचा आजार खरा आहे, साधारण शंभरात एकाला असतो, आणि त्यात गहू खरोखरच कायमचा सोडावा लागतो. टाइप १ मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त सापडतो, कारण दोन्हींच्या मागे काही जनुकं सारखी आहेत. बाबांचा मधुमेह त्यातला नाही. पण तुझी रक्ततपासणी करायची तर ती गहू खात असतानाच करावी लागते. आधीच सोडला तर आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. तेव्हा गुरुवारी तुझंही रक्त देऊ. "मला काही झालेलं नाही" हे तू डॉक्टरांना सांग, मला नको.

काल रात्री कणीक मळत होते आणि तुझी आठवण आली. तू मळायला बसलीस की मी शेजारी, आणि तू न बघताच एक लिंबाएवढा गोळा तोडून माझ्याकडे सरकवायचीस. मी त्याची चिमणी करायचे. डोळ्यांच्या जागी दोन मिरे. दुसऱ्या दिवशी ती वाळून दगड झालेली असायची, मळकट आणि माझ्या बोटांच्या ठशांनी भरलेली, आणि बाबा ऑफिसला निघताना ती खिशात घालून न्यायचे. रोज. त्या सगळ्या चिमण्या कुठे गेल्या हो बाबा? काल मी पुन्हा एक केली. चोच जमली नाही.

घरात काहीही हिरावून घेतलं जाणार नाही. सकाळचा चहा तुमच्या त्याच कपात, शब्दकोड्याआधी कोणी बोलणार नाही, खिडकीजवळची खुर्ची हलणार नाही. पोळी तव्यावरून थेट ताटात, फुगलेली, तुम्हाला लागते तशी. फक्त दोन. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. दोन पोळ्या ताटात चालतात. त्यांच्यावर भात, बटाटा आणि वर गोड चालत नाही, एवढंच.

आता नीट ऐका. आधी भाजी आणि डाळ खायची, पोळीला नंतर हात लावायचा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये २०१५ मध्ये हे करून बघितलं होतं. माणसं फक्त अकरा होती, पण तेच जेवण नुसता क्रम बदलून दिलं तर जेवणानंतरची साखर चांगलीच कमी चढली. फुकटचा उपाय आहे, करायला काय जातं? जेवण झालं की पंधरा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या, सोफ्यावर बसायचं नाही. रात्रीचं जेवण चुकवायचं नाही, भूक नसली तरी. झोपण्याआधी साखर बघायची आणि आकडा मला पाठवायचा, "ठीक आहे" असं नाही, आकडा. ७० च्या खाली गेली तर लगेच तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, तरी खालीच असेल तर पुन्हा प्यायची. वर आली की थोडं काहीतरी खायचं. आई, ते शुद्धीवर नसतील तर तोंडात काही घालायचं नाही, आधी अॅम्ब्युलन्स आणि मग मला फोन. साखरेची बाटली आजपासून उशाशी ठेव, झाकण सैल.

फार ओरडले का? बाबा, तुम्ही एवढं कडक पथ्य का केलंत ते मला माहीत आहे. आजोबांच्या पायाचं झालं तेव्हा मी दाराआड उभी होते, तुम्ही मला बघितलं नव्हतं. तुम्हाला ते होऊ नये म्हणूनच पावलं रोज बघायची, बोटांच्या मधेही. चष्मा लावून. पण सत्तरीनंतर डॉक्टर साखरेचं लक्ष्य बऱ्याचदा मुद्दाम थोडं सैल ठेवतात, कारण रात्री साखर उतरून पडणं त्याहून महागात जातं. तुम्हाला शंभरपैकी शंभर मिळवायची गरज नाही, ऐंशीवर मी पेढे वाटेन. बरं, पेढे नाही.

दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, तुमच्या पद्धतीने.

बुधवारी मला उशीर होईल. जेवायला थांबू नका, पण आई, कणीक थोडी जास्त मळून ठेव.

तुमची,
चिऊ