‘ऑपरेटरला समज दिली’ हे उत्तर बंद करा

संपादक महोदय,

गाड्यांचे सदोष सुटे भाग परत मागवल्याची बातमी आली, की ‘कामगारांचा निष्काळजीपणा’ म्हणून सगळे मोकळे होतात. चाकण, भोसरी, वाळूजच्या पुरवठादारांकडून मोठ्या कंपन्यांना जाणाऱ्या एट-डी रिपोर्टातही (तक्रारीचे मूळ कारण आणि उपाय लिहून द्यायच्या आठ टप्प्यांच्या अहवालातही) तेच. मूळ कारण: ‘ऑपरेटरने नीट तपासले नाही’. उपाय: ‘समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिले’. फाइव्ह व्हाय (मूळ कारणापर्यंत जायला पाच वेळा ‘का’ विचारण्याची पद्धत) करताना दुसऱ्याच ‘का’ला माणूस सापडतो आणि पुढचे तीन ‘का’ नुसते रकाने भरायला उरतात. वस्तुतः ऑपरेटरने मोजलेले असते आणि गेजच्या (मापन उपकरणाच्या) डायलने त्याला ‘ओके’ही दाखवलेले असते.

अॅल्युमिनियम हाउसिंगमधला ७२ मिमीचा बेअरिंग बोअर, म्हणजे बेअरिंग बसवायचे गोल भोक, घ्या. एच-७ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ड्रॉइंगवरचे माप २० अंश सेल्सिअसला धरलेले असते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जॉब (मशीनवर घडवलेला भाग) ४० अंशांवर असतो. अॅल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणजे हा बोअर ३३ मायक्रॉनने मोठा झालेला असतो. बोअर गेज ज्या स्टीलच्या मास्टर रिंगवर (माप पक्के माहीत असलेल्या कड्यावर) झिरो केले ती रिंग ३० अंशांवर असेल, तर तिची वाढ फक्त ८ मायक्रॉन. म्हणजे डायल खऱ्यापेक्षा सुमारे २५ मायक्रॉन जास्त दाखवते. ३० पैकी २५ नुसत्या उष्णतेने खाल्ले! रिंग आणि जॉब दोन्ही ४० अंशांवर असले, तरीही १६-१७ मायक्रॉनचा फरक राहतोच, कारण स्टील अॅल्युमिनियमच्या निम्मेच वाढते.

त्यातच इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचे बदलता येणारे टोक) झिजेल तसा बोअर लहान होत जातो. मशीन लहान करते, उष्णता मोठे दाखवते, दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. दुपारी पास झालेला लॉट ग्राहकाच्या वातानुकूलित स्टँडर्ड रूममध्ये (२० अंशांवर ठेवलेल्या मापन खोलीत) लहान निघतो आणि बेअरिंग बसवताना आवळते. मग सॉर्टिंगला माणसे पाठवा, डेबिट नोट (बिलातली वजावट) सोसा, आणि शेवटी सेकंड शिफ्टच्या कंत्राटी मुलाच्या नावावर बिल फाडा.

उपाय महाग नाही. त्याच अॅल्युमिनियमचा, स्टँडर्ड रूममध्ये मोजून घेतलेला एक हाउसिंग मास्टर म्हणून मशीनशेजारी, तयार जॉबच्या तापमानाला ठेवावा आणि गेज त्यावर झिरो करावे. दोघांची वाढ सारखी, त्यामुळे चूक बव्हंशी कटते. मशीनमधून निघालेला गरम जॉब लगेच मोजू नये. बोअरमधली बर (कापताना राहिलेली धारदार कड) आणि चिकटलेली चिप आधी काढावी. इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला आणि बदलण्याआधीचा शेवटचा जॉब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘दर पाचवा जॉब’ हे कंट्रोल प्लॅनमधले (काय, किती वेळा तपासायचे त्या आराखड्यातले) वाक्य अनेकदा जुन्या प्लॅनवरून उचललेले असते. इन्सर्ट किती जॉब टिकतो याच्याशी त्याचा संबंध कोणी लावत नाही.

गेज आर-अँड-आरचीही, म्हणजे गेज आणि मोजणारा हात किती भरवशाचा याच्या चाचणीचीही, तीच गत. १० जॉब, ३ माणसे, प्रत्येकी ३ वेळा, अशी ९० रीडिंग घ्यायची असतात. मोजण्यातली तफावत टॉलरन्सच्या १० टक्क्यांखाली आली तर उत्तम, ३० च्या वर गेली तर ते गेज वापरूच नये. पण चाचणी घेतात क्वालिटीचेच तिघे जण, एसीत, पुसलेल्या जॉबवर. ज्याच्या हातात गेज आठ तास असते तो ऑपरेटर त्यात नसतोच. (ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेल्या, एका मायक्रॉननेही न हलणाऱ्या रीडिंगच्या शीटबद्दल न बोललेलेच बरे.)

ग्राहक कंपन्यांच्या एसक्यूए (पुरवठादारांची गुणवत्ता पाहणाऱ्या) विभागांना विनंती अशी, की ‘समज दिली’ एवढेच लिहिलेला रिपोर्ट परत पाठवा. गेजचा नंबर, मास्टर कशाचा, मोजताना जॉबचे तापमान आणि इन्सर्टवर तोवर किती जॉब झाले होते, या चार गोष्टी मागा. एका माणसाला दोन मशीन दिल्यावर सायकल टाइममध्ये मोजायला वेळ उरतो का, हेही रेट ठरवतानाच विचारा. स्टँडर्ड रूम ज्यांना परवडत नाही, अशा छोट्या युनिट्ससाठी प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सामाईक मापन कक्ष हवा. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये अशी सोय आहे. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या क्लस्टर योजनेत सामाईक सुविधा केंद्राला अनुदानाची तरतूद आहे. इतर वसाहतींच्या उद्योजक संघटनांनी त्यासाठी प्रस्ताव द्यावेत.

– एक गुणवत्ता अभियंता, भोसरी