पूर, विसर्ग आणि दुतोंड्या मारुती

नाशिक

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पूरसूचनेच्या पुस्तिकेचा खर्डा वाचला. शब्दांचा भाग चार ओळींत उरकू नकोस गं. संकटाला नाव देणारा कुठे उभा होता ते कळलं, की त्या नावात काय आलं आणि काय निसटलं तेही कळतं. सूचना लिहिताना नेमकं तेच लागतं.

त्सुनामी घे. जपानीत 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. खोल समुद्रात ही लाट बहुधा मीटरभरही उंच नसते. ताशी सातआठशे किलोमीटरने होडीखालून निघून जाते, तरी कोळ्याला पत्ता लागत नाही. किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की तिचा वेग घटतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि लाट उभी राहते. म्हणून ती बंदरातली लाट. तू लिहिलेलं 'भरतीची लाट' खोडून टाक. भरती येते चंद्र-सूर्याच्या ओढीने, त्सुनामी बहुतेक वेळा समुद्रतळाच्या भूकंपाने.

'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी 1848 च्या सुमारास कोलकात्यात घडवला. मूळ ग्रीक, आणि मनात सापाचं वेटोळं. वेटोळं डोळ्यांपुढे आण: वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा पडतो, माणसं 'सरलं एकदाचं' म्हणून बाहेर येतात, आणि थोड्या वेळाने तोच वारा उलट्या अंगाने झोडपतो. ही ओळ ठळक अक्षरांत छाप. आपलं 'चक्र' त्या ग्रीक मुळाचं सख्खं भावंड आहे, उसनवारी नाही.

पण नुसता उच्चार जुळला म्हणून नातं लावू नकोस. मोसम हा अरबी 'मौसिम'. तोच शब्द पोर्तुगीज आणि इंग्रजी फिरून 'मान्सून' होऊन पुन्हा आपल्याकडे आला. मोसंबीचा मात्र मोसमाशी काही संबंध नाही, ती मोझांबिकवरून आली. तपासायची रीत अशी: आधी जुनं रूप शोधायचं, मग बहिणभाषांत पाहायचं, मग तोच ध्वनिबदल दुसऱ्या शब्दांत होतो का ते पडताळायचं. विद्युत्, प्राकृतात विज्जु, मराठीत वीज, हिंदीत बिजली. 'द्य'चा 'ज्ज' आणि पुढे 'ज' झाला, आधीचा स्वर लांबला. अद्य, अज्ज, आज यांतही तेच घडलंय, म्हणून ही व्युत्पत्ती पक्की. असा जोडीदार सापडला नाही तर तो शब्द पुस्तिकेत घालू नकोस.

मराठीचं स्वतःचं असं काय, तर ती संकट काळावर मोजते. दुष्काळ म्हणजे वाईट काळ, त्याच्या समोर सुकाळ. अवकाळी पावसातही काळच बिनसलेला. पावसावर शेती असलेल्यांची ही भाषा. द्राक्षाचे घड भरत आले असताना पडलेली सर जून महिन्यात पडली असती तर तिला कोणी संकट म्हटलं नसतं. पाण्याने पीक गेलं तर त्यालाही आपण दुष्काळच म्हणतो, फक्त पुढे 'ओला' लावतो.

आता आपल्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं. 'पूर' शब्दात भरणं आहे, म्हणजे तो काठावर उभ्या माणसाचा शब्द. 'विसर्ग' धरणाच्या दारावर उभ्या माणसाचा: वि + सृज्, सोडणे. विसर्जन त्यातलंच. निसर्गही त्याच धातूचा, 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाला बांगलादेशाने सुचवलेलं नाव. दाराशी मोजायचं ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर. 10,000 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला 2 लाख 83 हजार लिटर, दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. पण भांडीबाजारातल्या दुकानदाराला आकड्यावरून माल कधी हलवायचा ते कळत नाही. तो विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे का कमरेला? ती मूर्ती पात्रातच उभी आहे, म्हणून ती काठावरच्या माणसाची मोजपट्टी.

तेव्हा पुस्तिकेत दोन्ही दे, विसर्गाचा आकडा आणि मारुतीची खूण. पण 'इतक्या क्युसेकला कंबर' असं कोष्टक करू नकोस. गंगापूर धरणाच्या खाली पडलेला पाऊस आणि शहरातले नाले वाटेत मिळतात, त्यामुळे तोच आकडा एके दिवशी गुडघ्याशी थांबेल, दुसऱ्या दिवशी छातीला लागेल. खूण बघूनच लिहावी लागते, आणि शेजारी किती वाजता बघितली ती वेळ.

दुसरा खर्डा लवकर पाठव. वीज आणि गारपिटीची पानं मी आधी वाचेन.

तुझी,
आई