पोटखराब्यात काय आहे, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून वाघ येऊन पोचला, त्यावर डिसेंबर २०२४ पासून भरपूर छापून आलं. वाघाची दखल आपोआप घेतली जाते. ओंजळीत मावणाऱ्या पाखराला मात्र ‘संपलं’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि ते राहतं त्या माळाला ‘पडीक’ म्हणून. त्याबद्दल हे पत्र.

रानपिंगळा या छोट्या घुबडाचं तेच झालं. १८७३ साली पक्षीअभ्यासक ह्यूमने त्याचं वर्णन केलं; १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. मध्येच मायनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला एक मिळाल्याची नोंद केली. ती धादांत खोटी होती. ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने पेंढा भरून, त्याला दुसरी चिठ्ठी अडकवली होती. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला सारली आणि खरे नमुने जिथून गेले त्या जागा गाठल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ तो दिसला, तोही सकाळच्या उजेडात, निष्पर्ण झाडावर. हे घुबड दिवसाही हिंडतं. आपल्या गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. ११३ वर्षांत तिथल्या गुराख्यांना तो दिसलाच नसेल? मला नाही वाटत. विचारलं कोणी?

आंध्रात कडप्पाकडे १९०० नंतर न दिसलेला जेर्डनचा धाविक हा माळावरचा पक्षी १९८६ मध्ये पुन्हा मिळाला, तो एका स्थानिक शिकाऱ्याने रात्री बॅटरीच्या झोतात पकडला म्हणून. पक्षी रात्री बाहेर पडणारा. दिवसा शोधून काय मिळणार?

आता आपलं बघा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले मुरमाड माळ सरकारदरबारी पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन, नाहीतर गायरान. मग तिथे काहीच नाही असं धरून जेसीबीने चर खणायचे, गिरिपुष्पाची रोपं लावायची, नाहीतर सौर पॅनेलं मांडायची. कुसळी गवताच्या आडोशाला उघड्यावर अंडी घालणाऱ्या चंडोलाला झाडं नकोच असतात, हे लागवडीचं उद्दिष्ट गाठणाऱ्यांना कोण सांगणार?

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार गावागावात समिती आणि शिवारातल्या झाडं-प्राणी-पाखरांची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्या पंचायतीची नोंदवही मी कपाटातून काढायला लावली. शिवारात कळकाचं एक बेट नाही, पण वहीत बांबूचे तीन प्रकार. चंडोल, टिटवी, धाविक यांचा पत्ता नाही. दुसऱ्या कुठल्या गावाची वही उतरवून नाव तेवढं बदललेलं. (मायनर्ट्झहागनने निदान पेंढा तरी भरला होता!) बारा महिने त्याच माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना एका शब्दाने विचारलेलं नाही.

गायरानावर काहीही मंजूर करण्याआधी पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा, रात्रीचीसुद्धा, पाहणी व्हावी. सोबत मेंढपाळ आणि पारधी असावेत, त्यांना त्या दिवसांचा रोज मिळावा. नोंदवही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि खोट्या नोंदी तिथल्या तिथे खोडाव्यात. आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या चार-दोन वह्या मागवून पाहिल्या तर बातमी आयती मिळेल.

आपला,
एक वाचक, पाटोदा (जि. बीड)