शेंदरी अळंबीचं बिस्किट

दादर, मुंबई
९ ऑगस्ट

प्रिय शालन,

लोकर पोचली गं. पुडकं उघडलं नि खोलीभर मेंढरांचा वास. आई म्हणाली, "धनगरवाडाच आला की घरात!" रिठ्याच्या कोमट पाण्यातून दोनदा काढली, तेव्हा कुठे तेलकटपणा गेला. आणि आधीच कबूल करते, चारातली एक लडी मी वाया घालवली. गरम पाण्यातून काढून सरळ नळाखाली धरली. आटून तिचा असा नमदा झाला की आता पातेलं उतरवायला वापरते.

हा लोकर रंगवायचा उद्योग सुरू झाला तो वाडीमागच्या आंब्यामुळे. गेल्या पावसात तो आडवा झाला, खोड तिथेच पडून आहे. यंदा जूनअखेर त्यावर अळंबीचे पंखे फुटले, पातळ, चामड्यासारखे चिवट, आणि रंग म्हणशील तर थेट मारुतीच्या शेंदराचा. पोरं म्हणतात कुत्र्याच्या छत्र्या, पण ह्यांना ना दांडा ना छत्री. मला वाटलं, हाच रंग तुझ्या लोकरीवर उतरला तर काय बहार!

मग वाचायला बसले. कॅलिफोर्नियात मेंडोसिनोला मिरियम राइस नावाच्या बाई होत्या. त्यांनी सहज म्हणून पिवळ्या अळंब्यांबरोबर लोकर शिजवली आणि स्वच्छ पिवळा रंग निघाला. मग जी दिसेल ती अळंबी पातेल्यात! १९७४ साली त्यावर पुस्तकही काढलं. उरलेल्या चोथ्याचा पुढे त्यांनी कागद केला, हे मला फार आवडलं. युरोपात एक साधी तपकिरी अळंबी आहे, तिचं पाणी अल्कधर्मी केलं की लोकर जांभळी होते. ती विषारी आहे, चुकून खाल्ली तर लघवीसुद्धा जांभळी! म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याला हात लावायचा नाही. मी जुन्या बाजारातून वेगळं पातेलं आणलं, तरी आईचा संशय फिटलेला नाही.

तर शंभर ग्रॅम लोकरीला बारा ग्रॅम तुरटी. तासभर मंद आचेवर, उकळी न येऊ देता. तुरटी रंगाला धाग्याशी धरून ठेवते, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळं गटारात. लोकरीइतक्याच वजनाची अळंबी चिरून रात्रभर भिजवली. सकाळी पाणी कसं? आपल्या शाळेच्या कँटीनच्या चहासारखं. तरी शिजवली. आणि लडी निघाली ती बिस्किटाच्या रंगाची! शेंदूर गेला कुठे? तर तो तांबडा रंग पाण्यात धड विरघळतच नाही, बहुतेक चोथ्यातच राहून जातो. इतकी चिडले की दोन दिवस पातेल्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावर बदामाची पानं गळायला लागली. ती लाल, तळहाताएवढी, सकाळी झाडू मारणाऱ्या मावशींच्या ढिगातली. पिशवीभर आणून उकळली. आधीच पंधरा दिवस बरणीत गंजके खिळे, गूळ आणि पाणी घालून ठेवलं होतं. वास विचारू नकोस, खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. बिस्किटी लडी आधी पानांच्या काढ्यात अर्धा तास, मग बरणीतल्या पाण्याचे चार चमचे. अगं, डोळ्यांदेखत! कडेकडेनं काळिमा चढत गेला आणि दोन मिनिटांत पावसाळी आभाळ झालं. काळा नव्हे, काळ्याच्या अलीकडचा, आत कुठेतरी हिरवट झाक असलेला. लोखंडानं लोकर जरा खरखरीत होते, म्हणून लगेच काढून धुतली.

वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या मावशींना दाखवली. त्यांनी एकदा लडी, एकदा मला बघितलं. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी सुती जाळी कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात बुडवत, दारात पिंपच असे. नायलॉनची जाळी आली आणि पिंप भंगारात गेलं. मी मोठा शोध लावल्याच्या थाटात गेले होते, गप चहा पिऊन परत आले.

पारिजातकाच्या देठांचा पिवळाही करून बघितला. सुंदर येतो, पण उन्हात टिकत नाही. म्हणून सोबतच्या तुकड्यांपैकी पिवळा पाकिटातच ठेव. बिस्किटीही पाठवते आहे, हसू नकोस. काळ्याशेजारी ठेवून खिडकीत बघ आणि कोणता विणायला घेशील ते कळव. बदामाची पानं अजून महिनाभर तरी मिळतील, तेवढ्यात दोन लड्या पाठव. नळाखाली धरणार नाही.

तुझी,
माधुरी