लेंटनच्या दादास

ती. दादास,
सा. न. वि. वि.

'तीर्थरूप' वाचून तू हसणार हे मला माहीत आहे. पहिल्या दिवशी मी तुला अहो-जाहो केलं तेव्हा तू हातातलं लाटणं उगारून म्हणाला होतास, "अजून चाळीस नाही झालो रे." पण आज आभार मानायला बसलोय, तेव्हा एवढा मान सोसून घे. पत्र सगळ्यांसमोर का, तर फोनवर हा विषय काढला की तू "बरं, बास, जेवलास का?" म्हणतोस. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. 2014 च्या सप्टेंबरात मी मिरजेहून नॉटिंगहॅमला एमएससीला गेलो. लेंटन भागातलं भाड्याचं घर, चार खोल्या, एक बाथरूम, आणि दादाच्या खोलीत भिंतभर फळ्यांवर उभी असलेली बोटभर उंचीच्या माणसांची फौज. मला वाटलं गणपतीची आरास आहे. ते वॉरहॅमर होतं. 1983 पासून चालत आलेला टेबलावरचा युद्धखेळ. सैनिक स्वतः चिकटवायचे, स्वतः रंगवायचे, मोजपट्टीने इंच मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून मारामारी करायची. हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आमच्याच लेंटनमध्ये, चालत जाण्याच्या अंतरावर. पंढरपुरात राहून विठोबा माहीत नाही, अशी माझी गत.

मी सांगलीच्या सायबर कॅफेत टोटल वॉर हा पलटणी लढवायचा संगणक-खेळ खेळून वाढलेला. रोमन पलटणी, मध्ययुगीन घोडेस्वार, जपानी सामुराई. इतिहासातलं सगळं चालायचं. ड्रॅगन, चेटूक वगैरे पोरखेळ वाटायचा. हे मी तुला पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगितलं होतं. तू चिडला नाहीस. ड्वॉर्फांचं, म्हणजे वॉरहॅमरमधल्या बुटक्या डोंगरी लोकांचं, आर्मी बुक (त्या फौजेचे नियम आणि गोष्टी असलेलं पुस्तक) काढलंस आणि म्हणालास, "तू कणीक मळ, मी वाचतो."

दादा, पहिले आभार त्या रविवारांचे.

तू इंग्रजी वाचायचास आणि पुढच्या वाक्याला त्याचं मराठी करायचास, तेही नाशकाकडच्या ठसक्यात. डोंगर पोखरून वसवलेले किल्ले, एकेक पिढी एकाच दरवाज्यासाठी लढतेय, घोडदळ नाही, जादूगार नाहीत, पण तोफा आहेत आणि रुसवा कधी सोडायचा नाही. "गनिमी कावा सोडून सगळं आपलंच आहे," तू म्हणायचास, "पाय आखूड पडतात बिचाऱ्यांचे." त्यांची ती दामाज क्रोन नावाची वही मला सगळ्यात आवडली. ड्वॉर्फांवर झालेला प्रत्येक अन्याय त्यात राजाच्या रक्ताने लिहिलेला असतो, आणि हिशेब चुकता झाल्याशिवाय ओळ खोडायची नाही. थोरग्रिम राजा तर सिंहासनावर बसून, ती वही पुढ्यात ठेवून लढाईला जातो. आमच्या मिरजेत वाण्याकडे अशी वही असायची, पण तो ती घेऊन लढाईला जात नसे.

त्याच रविवारांत माझा हळदीचा हात तुझ्या नुकत्या अंडरकोट दिलेल्या ड्वॉर्फाला लागला. पिवळा डाग काही केल्या निघेना. तू त्याच्यावर रंग चढवला नाहीस. पायाखालच्या चौकोनी पट्टीवर बारीक ब्रशने 'मिरजकर' लिहिलंस आणि पहिल्या रांगेत उभा केलास.

आता खरं सांगतो, त्या हिवाळ्यात तुझं काय चाललं होतं हे मला तेव्हा कळलंच नाही. 2014-15 मध्ये 'एंड टाइम्स' नावाची एकामागून एक पाच पुस्तकं आली. नागाश, ग्लॉटकिन, खेन, थँक्वोल आणि शेवटी आर्काओन. प्रत्येक पुस्तकात तुझ्या नकाशावरची दोन-चार राज्यं नष्ट व्हायची. तू दुकानातून पुस्तक आणायचास, खोलीचं दार लावायचास आणि जेवायला उशिरा यायचास. मी चेष्टा केली होती, "काय दादा, आज कोण गेलं?" तू सांगितलंस, "थोरग्रिम." मी हसलो. तो हसण्याचा हिशेब अजून माझ्या नावावर आहे. वीस वर्षं ज्या जगाच्या गोष्टी तू रचल्यास, त्याचे मालकच ते जग मोडीत काढत होते. पाचव्या पुस्तकात ते संपलंच. अख्खं.

आणि गंमत बघ, त्याच वसंतात, 22 एप्रिल 2015 ला, टोटल वॉर: वॉरहॅमर जाहीर झाला. खरं तर टोटल वॉर काढणारी सेगा आणि गेम्स वर्कशॉप यांचा करार 2012 च्या डिसेंबरातच झाला होता, आणि 2015 च्या जानेवारीत टोटल वॉरच्याच एका चित्रपुस्तकातून नाव फुटलंही होतं. तेव्हा तू म्हणालास, अफवा. एप्रिलमध्ये मी तुझ्या दारावर धडका दिल्या, लॅपटॉप हातात धरून. तू ट्रेलर तीनदा पाहिलास, एक अक्षर बोलला नाहीस. मग चहा टाकलास आणि दोन कपांत तिघांना पुरेल इतकी साखर घातलीस.

जे जग टेबलावर बंद झालं तेच संगणकावर चालू होणार होतं, आणि एक नाही, सलग तीन खेळ येणार असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला तो नुसता नवा खेळ वाटत होता. तुझ्यासाठी काय होतं ते मला जुलैत कळलं. जुन्या खेळाच्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आला. चार पानांचे फुकट नियम, सैनिकांच्या पायाखाली चौकोनाऐवजी गोल चकत्या. चौकोन गेला म्हणजे रांग गेली. खांद्याला खांदा लावून उभी राहणारी, बगलेतून हल्ला झाला की कोसळणारी पलटण गेली. जुन्या फौजांना दिलेल्या नियमांत तर दाढी-मिशांवरून सवलती असले विनोदही होते. जगभरचे चाहते भडकले. एकाने आपली अख्खी डार्क एल्फ फौज जाळून त्याचा व्हिडिओ टाकला. तो आपण दोघांनी पाहिला. तू एवढंच म्हणालास, "प्लास्टिकचा धूर वाईट असतो." मग बुटांचे खोके आणलेस, एकेक ड्वॉर्फ वर्तमानपत्रात गुंडाळलास आणि माळ्यावर ठेवलास.

त्या दिवशी तूच मला समजावलंस की टोटल वॉरचा जीव मुळात रांगेत आहे. पलटणी, बगल, टेकडी, भाले पुढे आणि धनुष्यं मागे. म्हणजे टेबलावरून जे काढून टाकलं ते टोटल वॉर बनवणाऱ्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्लीकडे 2000 सालच्या शोगनपासून, म्हणजे पहिल्या टोटल वॉरपासून, चालत आलेलं होतं. मी पाच-सात वर्षं तो खेळ खेळून मला हे दिसलं नव्हतं.

मग वाद सुरू झाले आपले. उडणारी पलटण टोटल वॉरमध्ये आजवर नव्हती, ती कशी चालणार? माणसांचा सम्राट कार्ल फ्रान्झ ग्रिफिनवर, म्हणजे गरुडतोंड्या सिंहावर, बसून एकटा दोनशे माणसांत घुसला तर खेळ राहील का तमाशा होईल? ब्लॅक फायर पासची लढाई दाखवली तेव्हा तू व्हिडिओ थांबवून थांबवून ऑर्कांच्या, म्हणजे हिरव्या राक्षसांच्या, ढाली मोजल्यास. व्हॅम्पायरांकडे एकही धनुर्धारी नाही हे कळल्यावर मी म्हटलं, हे अपुरं आहे. तू म्हणालास, मेलेल्यांना नेम कसला धरता येणार! माणसांना ड्वॉर्फांचे डोंगरी किल्ले जिंकून राहता येणार नाही, या नियमावर बाकीचे बोंबलत होते आणि तू एकटा खूश होतास: "तिथे राहून माणसं करणार काय? उजेड तरी आहे का?" केऑसची, म्हणजे खलनायकांची, फौज आधी पैसे भरणाऱ्यांनाच फुकट, म्हटल्यावर सगळीकडे आरडाओरडा झाला. रामलीलेत रावणाचं तिकीट वेगळं, असं मी लिहून पाठवलं होतं, ते तू अजून लोकांना सांगतोस असं ऐकतो. पुढे पहिल्या आठवड्यात घेणाऱ्यांनाही ती मिळाली, ते बरं झालं.

तोवर मी परतलो होतो. शिक्षणानंतर दोन वर्षं राहून नोकरी शोधायचा व्हिसा 2012 मध्येच बंद झालेला, कोर्स संपल्यावर चार महिने मिळाले, ते संपले. 2016 च्या जानेवारीत मी पुण्यात एका मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून होतो. डोक्यावर कर्ज, रोज अर्ज, रोज शांतता. घरी फोन केला की आई नोकरीचं विचारायची नाही, आणि ते न विचारणं जास्त लागायचं.

तूही विचारलं नाहीस. पण दर शुक्रवारी रात्री तुझा मेसेज यायचा. हे नवीन दाखवलंय, बघ. हा ट्रोल चुकीचा आहे, बघ. मार्चमध्ये खेळ निघायची तारीख 28 एप्रिलवरून 24 मेवर गेली तेव्हा तू लिहिलंस, "ड्वॉर्फांनी हजारो वर्षं वाट बघितली, तुला सव्वीस दिवस जड झाले?" दादा, त्या चार-पाच महिन्यांत माझ्या कॅलेंडरवर पुढची अशी एकच तारीख होती. बाकी सगळं 'कळवू' या शब्दावर लटकलेलं. शुक्रवार ते शुक्रवार करत मी मेपर्यंत पोचलो. खेळाची वाट पाहत होतो असं मी सगळ्यांना सांगायचो. वाट पाहायला काहीतरी होतं, ही खरी गोष्ट. ते तू मुद्दाम केलंस की सहज, हे मी आजही तुला विचारणार नाही.

एप्रिलमध्ये तुझ्या ओळखीचं कोणी नाशकाला आलं, त्यांच्या हाती पार्सल आलं. ड्वॉर्फांचं तेच आर्मी बुक, पानांना कणकेचे डाग. सोबत तुझी इंचांची मोजपट्टी. चिठ्ठीत: "ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट मोज." मी मोजलं. मग तापकीर गल्लीपासून सुरुवात करून तीन दिवस विचारत फिरलो आणि शेवटी एक वापरलेलं कार्ड मिळालं. पट्टी नसती तर ते बसलं नसतं, अर्ध्या इंचाने वाचलो.

24 मेला मंगळवार होता. मित्राच्या ब्रॉडबँडचा महिन्याचा डेटा एका रात्रीत संपला; त्याने दामाज क्रोनमध्ये नोंद केली असेल. पहाटे कधीतरी नकाशा उघडला. तुला फोन लावला आणि कॅमेरा पडद्याकडे धरला. मी एकेक नाव वाचत गेलो. काराझ-आ-कराक. आल्टडॉर्फ. एट पीक्स. प्रत्येक नावाला तुझ्या आवाजातली एक गोष्ट चिकटलेली होती. माझ्यासोबत ज्यांनी तो खेळ घेतला त्यांना नकाशा दिसला, मला शेजारीपाजारी दिसले. पलीकडून तू बराच वेळ गप्प होतास. मग म्हणालास, "थोरग्रिम जिवंत आहे का?" मी म्हटलं, आहे, वही घेऊन बसलाय.

नोकरी जूनमध्ये लागली. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण सांगून टाकतो.

नंतरचं तुला माहीतच आहे. 2017 ला दुसरा, 2022 ला तिसरा, मग तिन्ही नकाशे एकत्र जोडलेलं अजस्र प्रकरण. कॅथेला, म्हणजे त्या जगातल्या चीनसारख्या देशाला, टेबलावर कधी स्वतःची फौज नव्हती, नुसतं नाव होतं. ती फौज तिसऱ्या खेळासाठी उभी केली, आणि 2024 च्या जानेवारीत 'ओल्ड वर्ल्ड' या नावाने जुना खेळ टेबलावर परत आला, तेव्हा पुढच्या वर्षी तीच कॅथे टेबलावरही उतरली. चौकोनी पट्ट्याही परत आल्या. मेलेल्या जगावर खेळ काढला आणि त्या खेळातून जगालाच रसद गेली, असं मी माझ्यापुरतं मानतो. गेम्स वर्कशॉपचा हिशेब वेगळा असेल, मला तो बघायचा नाही. तक्रार एकच. जुन्या पुस्तकांत हजार देवांचा, मसाल्यांचा 'इंड' नावाचा देश आहे. त्याची फौज अजून कोणी काढलेली नाही. तू म्हणाला होतास, काढतील तेव्हा हळदीचा रंग आपल्याकडे तयार आहे.

तर दादा, आभार. पुस्तकाचे, पट्टीचे, शुक्रवारांचे. आणि याचे सगळ्यात जास्त, की तुझं स्वतःचं जग मोडत असताना तू एका नवख्या, तोंडाळ पोराला त्याच्या दारातून आत नेलंस, आणि आत गेल्यावर त्याला एकदाही सांगितलं नाहीस की तू उशिरा आलास.

येत्या रविवारी तुझ्या दुपारी दोनला, माझ्या साडेसहाला, दोघांची मोहीम सुरू करू. तू ड्वॉर्फ घे. मी माणसांचं एम्पायर घेतो, डोंगरात शिरत नाही.

तुझा,
कणीक मळणारा

ता. क. माळ्यावरचे खोके खाली काढलेस असं वहिनी म्हणाल्या. मिरजकर पहिल्या रांगेतच आहे ना?